चाळीस डिग्रीची खोली

काल मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण उघडलं आणि संत्र्याच्या त्या चिकट वासाने मला थेट महापेच्या माझ्या जुन्या औषध कंपनीत नेऊन उभं केलं. तिथे एका खोलीत, चाळीस डिग्रीच्या दमट गरमीत, अशाच संत्र्याच्या औषधाच्या बाटल्या महिनोन्‌महिने ठेवायच्या आणि काचेतून, झाकणाच्या रंगातून औषधात शिसं उतरतं का, हे तपासायचं काम माझं. एका दुपारी बाटल्या आणायला आत गेले, दार मागे बंद झालं आणि उघडायला गेले तर आतलं हँडल हातातच आलं. जोरजोरात दार वाजवलं. दाराच्या छोट्या काचेत सहकाऱ्याचं तोंड दिसलं. "मॅडम, आत्ताच उघडलं होतं, परत उघडलं तर टेंपरेचर पडेल! साहेबांना विचारून येतो!" असं ओरडून तो गेलासुद्धा. चष्म्यावर वाफ, पाठीवरून घामाचे ओघळ, आणि श्वास घेतला की नुसतं संत्रं. शेवटी साहेब आले. आधी त्यांनी बाहेरचा तापमानाचा मीटर पाहिला, मग दार उघडलं. "सगळं ठीक ना?" "हो सर, ठीक आहे मी." "अहो मॅडम, बाटल्यांचं विचारतोय." मुलीचं औषध मी खिडकीतल्या उन्हात कधीच ठेवत नाही. बंद गरमीत काय होतं, ते मी त्या बाटल्यांबरोबर उभं राहून पाहिलंय.