सरबत नको

परवा एका लग्नात गुलाबाच्या सरबताचा वास आला आणि गारखेड्यातल्या आमच्या शाळेचं सभागृह आठवलं. दुष्काळाचं साल होतं. आजूबाजूला नव्या वसाहती उठत होत्या आणि सगळ्यांचे नळ कोरडे होते. मी शिक्षक होतो. नववीच्या मुलामुलींशी संमती आणि जबरदस्ती या विषयावर बोलायला एक डॉक्टरबाई आल्या होत्या. संस्थेच्या अध्यक्षांनी आधी शाल, श्रीफळ आणि संस्कृतीवरचं लांबलचक भाषण उरकलं. बाई बोलायला उठल्या, तर अध्यक्षांनी गुलाबाच्या सरबताचा ग्लास पुढे केला. “नको,” बाई म्हणाल्या. “दुष्काळातलं पाणी आहे मॅडम, घ्याच.” “खरंच नको.” “आमच्या मनाला लागेल बरं का,” म्हणत त्यांनी ग्लास बाईंच्या हातात कोंबलाच. बाईंनी मुलांना विचारलं, “मी हो म्हणाले का?” “नाय,” सभागृह आनंदानं म्हणालं. मग एक मुलगी उभी राहिली. “रोज सायकल आडवी घालून कुणी ‘हो म्हण’ म्हणत असंल, आन् पिच्छा सुटावा म्हणून हो म्हणलं, तर?” “तो होकार नव्हे. ग्लास हातात आला म्हणून मला तो हवा होता, असं होत नाही.” अध्यक्ष बंद पंख्याकडे पाहू लागले. शाळा सुटल्यावर मी मुद्दाम सायकलींपाशी थांबलो. एका मुलानं त्या मुलीपुढे सायकल आडवी घातली. ती म्हणाली, “नाय.” तो पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्याच मित्रानं त्याचं हँडल वळवलं. “चल यार, तिला सरबत नको.” ती हसत निघून गेली. परवा मी नको म्हणत असताना यजमानांनी माझ्या हातात ग्लास दिलाच, तेव्हा त्या मित्राची फार आठवण आली.