सैल गाठ

वडगावात आमच्या माडीवर निपाणीचे एक सर भाड्यानं राहतात. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांची भावकी शोधतात. भिंतभर खिळे, खिळ्यांवर माश्यांचे फोटो आणि कोण कुणाची बहीण ते दाखवायला आमच्या मागावरचा उरलेला धागा. सर कधी बसलेले दिसत न्हाईत. भिंतीपुढं नुसत्या येरझाऱ्या. मी धागा बांधून द्यायला गेले की म्हणतात, "आक्का, गाठ सैल मारा." पण आमचा विणकराचा हात, गाठ घट्टच बसते.

काल त्यांनी सगळ्यात जुनी गाठ दातानं सोडवली. "दिसायला सारख्या, म्हणून सख्ख्या धरल्या वो आक्का. डीएनए न्हाय म्हणतोय. आता वंशवृक्षाची सगळी फांदीच दुसरीकडं हलवायची." आणि चक्क हसले.

खाली येऊन मी मागावरचा तुटलेला धागा सांधला. जन्मात पहिल्यांदा गाठ ओढून बघितली.