कुंदाआत्याची सात पावलं

कुंदाआत्या दुकानात शिरली की आधी मालाला नावं ठेवायची आणि मग मला. "हा रंग धुतल्यावर टिकणार नाही, आणि ही पोरगी ह्या मापात मावणार नाही. दुसरं दाखवा." दुकानदार हसायचा, आजूबाजूची गिऱ्हाइकंही हसायची. मी तेव्हा सतरा वर्षांची, चांगलीच जाड, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणारी.

आत्या माझी कोणीच नव्हती. अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची, कारखान्यात पॅकिंगला जायची आणि सगळी चाळ तिला आत्या म्हणायची. कॉलेज सुरू होणार म्हणून मला ड्रेस घ्यायचे होते. आई तिला म्हणाली, "कुंदाताई, हिला जरा उल्हासनगरला घेऊन जाता का? दुकानात हिच्या तोंडून शब्द फुटत नाही." आत्याने मला वांगी निवडताना बघावं तसं खालीवर बघितलं. "नेते. पण रडली तर तिथंच सोडून येईन."

रिक्षात तिने मला तिची पद्धत सांगितली. "आपला भाव सांगायचा. नाही म्हणाला की माल खाली ठेवायचा, वळायचं आणि चालायला लागायचं. सात पावलं. सातच्या आत हाक येते. पण मागं बघायचं नाही. बघितलंस की मेलीस."

मी तिसऱ्याच पावलाला मागे बघितलं. गल्ल्यावरचा सिंधी शेठ हसत होता. "आओ बेटी, आओ," म्हणाला आणि एक रुपया कमी न करता ड्रेस माझ्या हातात ठेवला. बाहेर नाक्यावर सॉफ्टीचं मशीन नवीनच आलं होतं. दांडा ओढला की कोनात आइस्क्रीमचे वेढे पडायचे, आणि ते नुसतं बघायलाही लोक उभे राहायचे. आत्याने एकच कोन घेतला आणि माझ्यासमोर उभं राहून शेवटपर्यंत खाल्ला. "हरलेल्याला नाही," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी नळावर तिने माझी नक्कल केली. गाल फुगवून, डोळे वटारून, मान गर्रकन मागे. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. माझी आईही हसली. आत्याने आयुष्यभर मला जे काही बोलून घेतलं त्यातलं बरंचसं मी विसरले, पण आईचं ते हसणं विसरले नाही.

तरी पुढच्या रविवारी मीच तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिचा मला मनस्वी राग यायचा, आणि तिने मला एकदा, फक्त एकदा, "बरं केलंस" म्हणावं असंही वाटायचं. ती म्हणाली, "तू जाड आहेस ते त्याला दिसतंय गं. लाज वाटते ते कशाला दाखवतेस? लाज दिसली की भाव चढतो." असं बोलायला जिभेला हाड नसावं लागतं. पण इतकं उपयोगाचं मला दुसऱ्या कोणीही सांगितलेलं नाही.

चौथ्या खेपेला पुन्हा तोच शेठ. "इतने में तो कपडा भी नहीं आता, बेटी." मी ड्रेस ठेवला आणि वळले. सहा पावलं झाली. "अरे ले जा, बोनी का टाइम है!" मागून हाक आली. त्या दिवशी दोन सॉफ्ट्या आल्या. मी अधाशासारखा मोठा घास घेतला आणि दात कळवळले. "चाटतात. चावत नाहीत, गावंढळ," आत्या म्हणाली. शाबासकी नाहीच. मग कोन संपवता संपवता सहज म्हणाली, "नवऱ्याच्या दारातून निघाले ना, तेव्हा पण मी सात पावलांवर थांबले होते. हाक नाही आली. दुकानदार बरे, बोलवतात तरी." ती हसली, म्हणून मीही हसले.

सहा वर्षांनी आम्ही चाळ सोडून बदलापूरला राहायला आलो होतो आणि मी कुळगावातल्या एका मोठ्या कापडाच्या दुकानात होते. काचेचं दार, एसी आणि भिंतीवर 'एकच भाव' अशी पाटी. साड्यांचा काउंटर माझ्याकडे आणि हाताखाली तीन मुली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलायला मला कुठून आलं, हे मी कोणाला कधी सांगितलं नाही.

एका दुपारी आत्या आली. तिचा कारखाना बंद पडला होता, गुडघे गेले होते. एकुलती एक चांगली साडी नेसून, तोंडाला पावडर लावून आली होती. मला बघून तिने हळूच डोळा मारला आणि एक साडी उचलली. "ह्याचं एवढं? ह्याचं तर कोणी पोतेरं पण करणार नाही." मुली तोंडावर हात धरून हसायला लागल्या. एकीने विचारलं, "ताई, तुमच्या ओळखीच्या आहेत?"

"नाही," मी म्हटलं. आणि मोठ्याने, "आजी, इथे एकच भाव असतो."

आत्याने साडी खाली ठेवली, वळली आणि चालायला लागली. तिला काही घ्यायचं नव्हतं, हे मला कळत होतं. "आत्या, या," एवढंच पुरे होतं. पण मला नळ आठवला, फुगवलेले गाल आठवले, आई आठवली. खरं सांगते, मला मजा वाटत होती. मी पावलं मोजत होते. सहाव्याला ती रेंगाळली. सातव्याला काचेच्या दारापाशी थांबली. आणि कुंदाआत्याने मागे बघितलं.

मी साडीची घडी घालत राहिले.

चार महिन्यांत ती गेली. मी बुवापाड्यात गेले तेव्हा तिच्या पलीकडच्या खोलीतल्या शेवंतामावशीने मला चहा दिला. म्हणाली, "तुझ्या दुकानातनं आली ना, त्या दिवशी नळावर तुझी नक्कल केलीन. मान खाली, साडीची घडी, अगदी शेठाणी. हसून हसून आमची पुरेवाट. म्हणाली, पोरगी पक्की झाली, हाक नाय मारलीन. बरं केलंन."

"आणि मग?"

"मग काय. दार लावून घेतलंन. दोन दिवस नळावर आली नाय."

ज्या दोन शब्दांसाठी मी इतकी वर्षं झुरले, ते असे हातात पडले. मला तिथे बसवेना. मी चहा तसाच ठेवून उठले. शेवंतामावशी मागून हाका मारत होती, पण तेव्हाचं माझं तोंड कोणाला दिसू नये असं मला वाटत होतं. मी चालत राहिले. सात पावलं केव्हाच होऊन गेली, मी वळले नाही.