कामरेजच्या विहिरीवर शिजवलेली डाळ

आमच्या ह्यांनी लूम सोडून शेती करायचं मनावर घेतलं, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली. नव्वदीची मधली वर्षं होती. खानदेशातून येऊन आम्ही भेस्तानला एका चाळीत राहत होतो आणि हे कापडाच्या कारखान्यात बारा-बारा तास लूमसमोर उभे असायचे. गावी आमच्या नावावर मातीचं ढेकूळही नव्हतं. म्हणून सुरतेच्या आसपास कुणी मालक शेत भागाने कसायला आणि शेतातच राहायला खोली देईल का, याचा शोध ह्यांनी सुरू केला. सुट्टी आली की आमच्या लहान पोरीला शेजारणीकडे ठेवून मला घेऊन गावं बघायला निघायचे.

गाव बघायची ह्यांची रीत ठरलेली. आधी माती मुठीत घेऊन चुरायची. मग पावसाळ्यात रस्ता बंद पडतो का विचारायचं, मग शाळा, मग दवाखाना. पाण्याची परीक्षा मात्र माझ्याकडे. आमच्याकडच्या बायका पाण्याची पारख डाळीने करतात. गोड्या पाण्यात तूरडाळ लोण्यासारखी शिजते, जड पाण्यात सरपण संपलं तरी दाणा टणकच. मी पिशवीत पातेलं, डाळ आणि आमटीपुरतं मीठ, तिखट, चिंच घेऊन जायचे. परीक्षा व्हायची आणि जेवणही. पलसाण्याकडच्या एका गावात तर पातेलं काढायचीही वेळ आली नाही. तिथल्या ओढ्याला कापड रंगवायच्या कारखान्यांचं गुलाबी पाणी वाहत होतं. मी म्हटलं, वा, इथे साड्या धुतल्या की रंगवायचंही काम झालं. हे हसले नाहीत.

रागावले नव्हते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. लूमच्या खडखडाटाने ह्यांचे कान दोन-तीन वर्षांपासून जात चालले होते. मला ते कळत होतं. त्यांना किती कळतंय, हे मी कधी विचारलं नाही. पुरुषमाणसाला असं कसं विचारायचं? मी आपली मोठ्याने बोलायला लागले. चाळीला वाटायचं, हिचा पारा सदा चढलेला. तसा तो असायचाही.

कामरेजच्या पुढे एक शेत मिळालं. काळी माती, बांधाला केळी, विहीर आणि विहिरीपासून थोडी दूर कौलारू खोली. मालक भला माणूस होता, स्वतः सरपण आणून दिलं. मी तीन दगड मांडले, डाळ चढवली आणि खोलीच्या दारात उभी राहिले. शेजारचं घर शोधत होते. दिसलंच नाही. चारी बाजूंनी नुसता ऊस. ह्यांची पाठ मला दिसत होती, विहिरीत वाकून बघत होते. मी हाक मारली. मग जोरात मारली. मालकाने वळून पाहिलं, ह्यांनी नाही.

चाळीत मी नुसतं पातेलं पाडलं तरी चार बायका दारात येतात. इथे उसातून साप निघून मला पान लागलं, पोरगी विहिरीत पडली, तर ओरडायचं कुणाला? एकच माणूस, आणि त्याला ऐकू येत नाही. मी चुलीपाशी आले आणि सगळी चिंच पातेल्यात टाकली. डाळ शिजायच्या आधी आंबट पडलं की ती शिजत नाही, हे घरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पुरुषांना नसतं, अशी माझी समजूत.

उन्हं कलली तरी डाळ टणक. मालकाला ते लागलं. आमच्या घरात हेच पाणी आहे, असं तो गुजरातीत पुन्हा पुन्हा सांगत होता. मी वर बघितलं नाही, चोराच्या मनात चांदणं. ह्यांनी पळीने थोडी डाळ घेतली, तोंडात टाकली, सावकाश चावली. माझ्याकडे पाहिलं. मग मालकाला हात जोडून म्हणाले, पाणी जड आहे, आमचं जमायचं नाही.

आम्ही हायवेपर्यंत चालत आलो. तिथे वाहनाची वाट बघताना ह्यांनी विचारलं, "तुले भ्याव वाटस, तं सांगानं व्हतं. चिच काब्र टाकी?" म्हणजे चिंच का टाकली, हे पहिल्या घासालाच त्यांना कळलं होतं.

मी हळूच उत्तर दिलं. ट्रक जात होते. त्यांनी कान पुढे केला. पुन्हा सांगितलं, तरी नाही. दोन-तीन वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं, ते मला भर रस्त्यात, दहा माणसांत, ओरडून सांगावं लागलं, "तुमले ऐकाले येत नही!"

माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "म्हनीसन तं हाई काम सोडानं व्हतं. जेवढं राह्यनं, तेवढं तरी वाची."

मी म्हटलं, चला, परत जाऊ, मी त्या माणसाच्या पाया पडते. पण रडण्यात माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, आणि तेवढ्यात सुरतेचा टेम्पो आला. ह्यांनी माझी पिशवी घेतली आणि मला वर चढायला हात दिला. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर कामाला गेले. पुन्हा गाव बघायला निघाले नाहीत; पुढे अकरा वर्षं त्याच लूमवर जात राहिले.