तुमच्या आत्याचे सेल

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, माझ्या नव्या रेकॉर्डरला कुठले सेल घेऊ? चार्ज होणारे, पण स्वस्तातले." मी तोंड उघडायच्या आत तुमची आत्या मागून म्हणाली, "तिलाच विचार. आमच्याकडे ते खातं तिच्याकडे आहे." सगळे हसले, आणि मग तुमच्या बाबाने परीक्षेचा विषय काढला. प्रश्न तसाच राहिला. प्रश्न चांगला होता, आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही. मला अजून सगळं क्रमाने आठवतंय तोवर लिहून ठेवते.

तुमची आत्या सिनेमाच्या जागेवर जाऊन आवाज टिपते, हे तुम्हाला माहीत आहे. पण ती स्वतंत्रपणे कशी काम करू लागली, ते कोणी तुम्हाला सांगितलं नसेल. सहा वर्षं ती गोरेगावला एका अनुभवी माणसाच्या हाताखाली होती. लांब काठीवरचा माइक डोक्यावर धरून उभं राहायचं, दिवसदिवस. तिचा उजवा खांदा अजून दुखतो. मग एका दिग्दर्शकाने तिला विचारलं, "माझा माहितीपट एकटी करशील?" गिरणीत काम केलेल्या आणि आता उपनगरात राहणाऱ्या बायकांवर तो होता. ती हो म्हणाली. साधनं तिची स्वतःची असायला हवी होती. एक वापरलेला रेकॉर्डर तिने घेतला, तो पॉवर बँकेवर चालायचा. आणि दोन लेपल, म्हणजे बोलणाऱ्याच्या कपड्याला लावायचे बिनतारी छोटे माइक. प्रत्येक लेपलच्या दोन डब्या असतात, एक बोलणाऱ्याच्या कमरेला आणि एक रेकॉर्डरजवळ. प्रत्येक डबीत दोन पेन्सिल सेल लागतात.

तोपर्यंत ती साधे, एकदा वापरून टाकायचे सेल वापरायची. अर्धे वापरलेले सेल शूटिंगमध्ये परत घालत नाहीत, मध्येच बंद पडले तर काय, म्हणून ते आमच्या घरी यायचे. आमच्या नाहूरच्या इमारतीतली सगळी घड्याळं आणि रिमोट त्यावर चालायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई तर थेट विचारायच्या, "वहिनी, यंदा शूटिंग कमी आहे का हो? आमचं घड्याळ मागे पडतंय." पण दुसऱ्याच्या हाताखाली, त्याच्या खर्चाने काम करत असताना हे ठीक होतं. स्वतःच्या कामाला रोज नवे सेल विकत घेणं तिला परवडणारं नव्हतं.

"सेल माझ्यावर सोड," मी म्हणाले.

मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये मी तीस वर्षं काढली. कुठली पेटी कधी आली, कुठली आधी बाहेर जायची, कुठल्यावर विश्वास ठेवायचा नाही, हेच माझं काम होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे पाकिटावरचा बारीक मजकूर वाचायला मी कधी कंटाळले नाही. सेलच्या पाकिटांवर बराच बारीक मजकूर असतो.

आम्ही दोघी घाटकोपरला गेलो. दुकानदाराने काचेवर तीन प्रकार मांडले. "हे चार हजारवाले घ्या ताई. स्वस्तही आणि पॉवरही डबल." दुसऱ्यावर अडीच हजार लिहिलं होतं, तिसऱ्यावर दोन हजार, आणि तिसरे सगळ्यात महाग. हा आकडा म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. मी प्रत्येकातले चार घेतले आणि घरी येऊन केकच्या मैद्यासाठी आणलेल्या काट्यावर ठेवले. दोन हजारवाला सत्तावीस ग्रॅम. अडीच हजारवाला तीस. चार हजारवाला अठरा. डबल पॉवर असलेला सेल सगळ्यात हलका कसा असेल? दुसऱ्या दिवशी मी काटा पिशवीत घालूनच दुकानात गेले.

"काकी, सेल काय भाजी आहे का, वजनावर घ्यायला?" तो म्हणाला.

"भाजी बरी. कुजकी असेल तर दिसते तरी."

त्याने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चार हजारवाले परत घेतले.

राहिलेल्या दोन प्रकारांची मी परीक्षा घेतली. चार्ज पूर्ण झाला की सेल लगेच लेपलमध्ये घालायचे, माइक रेडिओसमोर ठेवायचा आणि डबीवरचा दिवा लाल होईपर्यंत किती वेळ जातो ते वहीत लिहायचं. प्रत्येक प्रकार तीनदा. अडीच हजारवाले दरवेळी पुढे राहिले, शिवाय स्वस्त. महागड्यांच्या पाकिटावर 'चार्ज केल्यावर महिनोन्‌महिने टिकतात' असं ठळक लिहिलं होतं. मला वाटलं, जाहिरात. चार्ज करून महिनोन्‌महिने ठेवायचेत कोणाला? अडीच हजारवाल्यांच्या आणखी सहा जोड्या आणल्या, एकूण आठ झाल्या. महागडे चार सेल मी शेवटचे एकदा चार्ज करून ड्रॉवरमध्ये टाकले.

शूटिंग मे महिन्यात होतं. मी माझ्या सवयीप्रमाणे वागले. स्टोअरमध्ये माल निघायच्या आठ दिवस आधी तयार असायचा, कारण ऐनवेळी कोणाची तरी चूक होतेच. तेव्हा मी सगळे सोळा सेल आठ दिवस आधी चार्ज केले, जोड्यांना रबर लावले, डब्यात ओळीने मांडले आणि डबा लोखंडी कपाटात ठेवला. ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे. दुपारनंतर त्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

पहिल्या दिवशीचं शूटिंग बोरीवलीला, राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्तीत होतं. ऐंशीच्या पुढची एक कोकणातली बाई बोलणार होती. दुपारी एकला आत्याचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणून मी घाबरले.

"आई, सेल कधी चार्ज केलेस?"

"मागच्या बुधवारी."

"सगळे?"

"सगळे. का गं?"

"सकाळपासून तिसरी जोडी घातली. चाळीस मिनिटांत लाल. उरलेल्याही तशाच असणार. इथल्या दुकानात फक्त घड्याळाचे स्वस्त सेल आहेत, ते लेपलला पुरत नाहीत."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. साधे चार्ज होणारे सेल नुसते पडून राहिले तरी रिकामे होत जातात, आणि उन्हाळ्यात जास्त भराभर. मी परीक्षा घेतली ती नुकत्याच चार्ज झालेल्या सेलची. पडून राहिलेल्यांची घेतलीच नव्हती. पाकिटावर जे ठळक लिहिलं होतं, तेवढ्याचसाठी ते महाग होते.

पलीकडून दिग्दर्शकाचा आवाज आला, "अरे यार, मोबाइलवर घे ना आजच्यापुरतं. नंतर साफ करू."

"नाही होणार साफ," आत्या त्याला म्हणाली. "पत्र्याखाली पंखा फिरतोय, बाहेर कोंबडे आहेत. खराब आवाज मी घेणार नाही. मला दीड तास द्या."

"आणि दीड तासात नाही झालं तर?"

"तर उद्यापासून दुसरा माणूस आणा."

हे मी फोनवर ऐकलं. सहा वर्षं खांदा दुखवून मिळवलेलं काम तिने असं पणाला लावलं, आणि माझ्यामुळे. मी ड्रॉवर उघडला. ते चार महागडे सेल, सेल मोजायच्या मीटरला लावले. मीटर माझ्याकडे होताच. महिनाभर पडून होते, तरी जवळजवळ भरलेले. चार सेल म्हणजे एक लेपल, आणि बोलणारी बाई एकच. "घेऊन येते," मी आत्याला सांगितलं, रिक्षा केली आणि मुलुंड लिंक रोडने गोरेगाव, तिथून हायवेने बोरीवली गाठली.

पोचले तेव्हा ती बाई ओटीवर बसून सगळ्यांना चहा देत होती. दिग्दर्शक घड्याळ बघत उभा होता. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "मी खंय पळान जातंय? बस जरा." मग मला पाहून, ही हिची आई हे ओळखून, आत्याला विचारलं, "आवशीक बोलावलंस?"

आत्याने मान हलवली. तिने सेल घातले, लेपल त्या बाईच्या पदराला लावला आणि कानावर हेडफोन चढवला. दिग्दर्शकाने डबीवरची, सेल किती भरलेत ते दाखवणारी खूण पाहिली. "ही तर अर्धीच दाखवतेय."

"असले सेल भरलेले असले तरी साध्यापेक्षा कमी व्होल्टेज देतात," आत्या म्हणाली. "डबीला ते कमी वाटतं. संध्याकाळपर्यंत असंच दाखवेल, बघा."

मी पुढे होऊन दिग्दर्शकाला म्हणाले, "हिची चूक नाही. सेल मी चार्ज केले होते."

आत्या वळली. "किट माझं आहे, सर. त्यात काय जातं, ते बघायचं काम माझं. मी निघताना तपासायला हवं होतं." मग मला, "आई, तू आत पंख्याखाली बस. आणि तो पंखा बंद कर."

मी पंखा बंद करून त्याच्याखाली बसले. बाहेर ती बाई बोलत होती, गिरणीतल्या पहिल्या दिवसाविषयी, साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात ओठ वाचून गप्पा मारायला कशी शिकली त्याविषयी. मध्ये आत्याने दोनदा हात वर करून थांबवलं. एकदा विमान, एकदा कोंबडा. दिग्दर्शक दोन्ही वेळा थांबला. मुलांनो, माझ्या मुलीने हात वर केला की पंधरा माणसं गप्प होतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घामाने भिजले होते, पण उठावंसं वाटत नव्हतं.

सव्वादोन तास झाले तरी खूण अर्ध्यावरच आणि दिवा हिरवाच होता. निघताना दिग्दर्शक तिला म्हणाला, "उद्या सातला ये." दुसऱ्या माणसाचा विषय निघाला नाही. पुढचे दोन माहितीपटही त्याने तिलाच दिले.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मोठ्या आकड्याला भुलू नकोस, वजन कर. पडून राहिले तरी टिकणारे सेल घे, थोडे महाग असले तरी, आणि एकदम नको, जोडी जोडीने घे. प्रत्येक जोडीवर महिना लिही आणि जोडी कधी मोडू नकोस, कारण एक दमलेला सेल दुसऱ्यालाही खाली ओढतो. प्रत्येक सेल वेगळा मोजणारा चार्जर घे. शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी चार्ज कर, आणि निघताना स्वतः मीटर लावून बघ, आजीने चार्ज केले असले तरी. ते नवे लिथियमचे पेन्सिल सेल आम्ही लेपलमध्ये घालून पाहिले. मला काही कळलं नाही, पण आत्याने हेडफोन काढून सांगितलं, "मागे बारीक किणकिण आहे." तिला ऐकू येते म्हणजे आहे. एखादे वेळी तुझ्या रेकॉर्डरला ते चालतीलही. आधी ऐकून बघ.

तिच्या धंद्यातले लोक हल्ली मला फोन करतात. "काकी, कुठले घेऊ?" मी त्यांनाही हेच सांगते, आणि माझी चूकही सांगते, कारण ती चूक ऐकल्याशिवाय बाकीचं कोणी मनावर घेत नाही.

बोरीवलीची ती बाई गेल्या वर्षी वारली. तिचं सव्वादोन तासांचं बोलणं आहे, स्वच्छ. त्या पावसाळ्यात जोडी जोडीने घेतलेल्या, पडून टिकणाऱ्या वीस सेलपैकी चौदा अजून पूर्ण दिवस चालतात, आणि तुमची आत्या ते घेऊन आजही स्वतंत्र काम करते.