भेगेवरचा झेंडूचा हार

"हा खिळा कोणी ठोकला? अरे, कोणी ठोकला हा खिळा?"

जिन्याखालून ही हाक आली तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर दसऱ्याच्या पूजेचं ताट आवरत होतो. आवाज मेट्रोच्या कामावरच्या इंजिनियर मुलीचा. मुलगी वरळी कोळीवाड्यातली. तिच्या घरात भर समुद्रातल्या होडीला किनाऱ्यावरून बोलावतात, त्यामुळे ती साधं बोलली तरी चौपाटीवरची कबुतरं उडायची. आज तर ओरडत होती.

खिळा मीच ठोकला होता.

त्या आठवड्यात बोगदा खणणारं यंत्र आमच्या गिरगावातल्या चाळीखालून जाणार होतं. जिन्याखालच्या भिंतीला माझ्या जन्माआधीची एक भेग. तिच्यावर या मुलीने प्लॅस्टिकच्या दोन पारदर्शक पट्ट्या बसवल्या होत्या. एक भेगेच्या अलीकडे, एक पलीकडे. एकीवर चौकटी, दुसरीवर लाल फुली. फुली ठरलेल्या चौकटीबाहेर गेली की चाळ संध्याकाळच्या आत रिकामी करायची आणि सगळ्यांनी मेट्रोच्या खर्चाने हॉटेलात जायचं. सगळे खूश. कित्येकांनी टॉवेल भरून ठेवले होते.

फक्त बाबा नाही. लालबागच्या गिरणीत फिटर म्हणून जन्म काढलेले माझे बाबा एवढंच म्हणाले होते, "ह्या वयात भायर गेलेलो माणूस परत येणा नाय." त्यानंतर त्या विषयावर त्यांचं तोंड बंद, आणि माझे पाय सुरू. दिवसातून पन्नास वेळा मी खाली जाऊन फुली बघायचो. माझ्यामुळे जिन्याच्या पायऱ्या झिजून चाळीची उंची एका विटेने कमी झाली असं लोक म्हणत, आणि ते अगदीच खोटं नसावं.

बघून झालं की बोलायचो. गप्प बसलो तर भीती वाटायची. जगातल्या तमाम भुयारी रेल्वे मी त्या जिन्यात बसून चालवल्या. पहिली लंडनची, वाफेच्या इंजिनाची. भुयारात एवढा धूर की गोरा साहेब आत शिरायचा आणि भाजलेलं वांगं होऊन बाहेर यायचा. बायका नवऱ्याला आवाजावरून ओळखून घरी न्यायच्या. मॉस्कोला स्टेशनात राजवाड्यासारखी झुंबरं, म्हणून मी सांगितलं की तिथे वऱ्हाडं गाडीसाठी येतात आणि लग्न लावूनच निघतात. रोममध्ये फावडं मारलं की एक सम्राट वर येतो, त्याला चहा पाजून परत झोपवावं लागतं. एक गोष्ट मात्र मी गाळत असे. लंडनच्या त्या पहिल्या भुयारासाठी वाटेतल्या गरिबांच्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या होत्या. बाबा वरून कठड्याला टेकून ऐकत असायचे, म्हणून.

आणि मग दसरा आला. गिरणीत दसऱ्याला मापाची पट्टीसुद्धा हारावाचून राहत नसे, हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. चाळीचं नशीब ज्या पट्ट्यांवर लटकलं होतं त्यांना ओकंबोकं कसं ठेवणार? बाबा ज्या बिस्किटाच्या डब्यात खिळे जपून ठेवत, त्यातला एक दणकट खिळा घेतला, पट्ट्यांच्या अगदी वर ठोकला, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. दगडी भिंत, खिळा सहज जाईना, म्हणून चार घाव जास्तच घातले. फुली हाराआड चौकटीबाहेर गेली.

मी धावत खाली जाऊन कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता बोललो आणि कोणाचाही विश्वास बसला नाही.

"भावोजी, हे त्या मॉस्कोच्या लग्नांसारखंच ना?" पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. त्यांची बॅग दारात होती.

"काका, फुली सरकली म्हणजे सरकली," ती मुलगी म्हणाली. "बाहेरच्या भिंतीवरच्या खुणा मोजते. त्या हलल्या असतील तर चाळ रिकामी."

तिने रस्त्यावर तिपाई मांडली. एकेका खुणेवर दुर्बीण रोखत, मागचे आकडे पुन्हा पुन्हा ताडून बघत तिने दोन तास लावले. मी जिना आणि तिपाई यांच्यामध्ये एवढ्या येरझारा घातल्या की त्या अंतरात दादर गाठून परत आलो असतो. एका फेरीला वर बघतो तर बाबा जिना उतरत होते. हातात पिशवी. पिशवीत पंचा, गोळ्या आणि तो बिस्किटाचा डबा. ते शेवटच्या पायरीवर बसले. भेगेकडे बघितलं, हाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी ती मुलगी आत आली. आता मात्र तिचा आवाज शेजारच्यालाही कळणार नाही इतका हळू. खुणा होत्या तिथेच होत्या. भिंत हललेली नव्हती, पट्टीच हादऱ्याने सुटली होती. तिने हार माझ्या हातात दिला, नवी पट्टी बसवली आणि भिंतीपासून हातभर लांब राहायचं असं मला एकट्याला सांगितलं. वहिनींनी बॅग आत नेली.

मी बाबांच्या शेजारी पायरीवर बसलो. म्हणालो, "बाबा, आज माझ्या हाताने तुमची खोली गेली असती."

बाबांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरला.

"खिळो काढलंस मां? मगे तो डब्यात ठेव."