डोक्यावरचा जोड

देशात आणखी एक विमानवाहू जहाज बांधायचं चाललंय, ही बातमी आमच्या वर्कशॉपमध्ये कोणी मनावर घेतली नाही. नागपूरहून कोणत्याही बाजूला गेलं तरी समुद्र लांबच. मी घेतली. हिंगणा रोडवर मी ट्रेलरच्या सांगाड्यांचं वेल्डिंग करायची. एवढं मोठं जहाज म्हणजेही शेवटी पोलादी प्लेटा आणि त्यांचे जोड.

बाबा गावाहून, कुहीहून आले होते, तेव्हा त्यांना सांगितलं, जहाजं बांधतात त्या गोदीत कामाला जायचंय.

"काहून जाऊन राहिली वं तिकडे? नागपुरात काम नाही का?"

"आहे ना, बाबा. पण मले ते करून पाहाचं आहे."

केरळातल्या एका गोदीत वेल्डरची परीक्षा होती. उभा जोड, आडवा जोड जमले. शेवटचा डोक्याच्या वर, हात उंच धरून करायचा होता. वितळलेल्या धातूचे थेंब कॉलरमधून आत शिरले, हात हलला. परीक्षकाने मी जोडलेली पट्टी यंत्रात वाकवली आणि जोड मधोमध उकलला. त्याने ती माझ्या हातात दिली. परतीच्या गाडीत मला रडू आलं नाही. भूक मात्र फार लागली होती.

वर्कशॉपच्या मालकांना आम्ही काका म्हणायचो. त्यांच्याकडे भंगारातले तुकडे मागितले.

"घे, पण शिफ्ट सुटल्यावर. आन् श्वास कोंडू नको. श्वास कोंडला का हात थरथरते."

मग रोज संध्याकाळी सांगाड्याखाली उताणी पडून मी जोड घालायची, शिकंज्यात धरून वाकवायची. उकलला की घासून पुन्हा. मान आखडायची, गळ्यावर डाग पडायचे. पावसाळा गेला, थंडी सरली, आणि जोड उकलेनासे झाले.

पुढच्या परीक्षेत पट्टी वाकली, तुटली नाही. बाबांना फोन केला.

"जेवणाचं कसं हाय तिकडे?"

"भातच असते, बाबा. जाडा."

"मंग जमते."

आता मी त्याच गोदीत मालवाहू जहाजांवर काम करते. विमानवाहू जहाजाची बोलणी अजून चालूच आहेत. कधी ऐकू येतं होणार, कधी ऐकू येतं आधी पाणबुड्या. मधल्या काळात लढाऊ जहाजांच्या पोलादावरच्या वेल्डिंगची परीक्षा मी स्वतः मागून घेतली. शेजारचा वेल्डर म्हणाला, जहाजाचा पत्ता नाही, कशाला एवढी घाई?

"मंजूर व्हायचं तेव्हा होईल," मी म्हटलं. "त्या दिवशी मला शिकायला बसायचं नाही."